उभ्या खाचा

आमच्या घरी इलेक्ट्रिशियन येऊन गेला की मी चष्मा लावून स्विचबोर्डाचे स्क्रू बघतो. बायको म्हणते, "झालं का इन्स्पेक्शन?" स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा वाकड्यातिकड्या असल्या तर मी स्क्रू-ड्रायव्हर आणतो आणि एकेक खाच सरळ उभी करत बसतो. चार स्क्रू, चारही खाचा वर-खाली. त्याने दिवा जास्त उजेड देत नाही, हे मलाही कळतं. पण सवय आहे, आणि ती माझी नाही, हवालदारांची आहे. त्यांच्याकडून मी जे जे घेतलं त्यातली ही एकच गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी. बाकीचं सांगायचं राहून गेलं होतं, ते आज सांगतो.

मस्टरवर नाव होतं बिरा दादू कोळेकर. कारखान्यात मात्र सगळे हवालदारच म्हणत. सातारच्या बाहेर माळावर पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या, ते सत्तरचं दशक. आमचा कारखाना पंपांच्या बॉडी करायचा. मी कराडच्या कॉलेजातून नुकताच इंजिनिअर होऊन मेंटेनन्सला लागलो होतो, प्रोबेशनवर. म्हणजे डिग्री आली होती, अक्कल यायची होती. हवालदार पंचेचाळिशीचे, मिलिटरीतून पेन्शनवर आलेले. गाव जतच्याही पुढे, कर्नाटकाच्या अंगाला. वडील मेंढरं राखायचे. हे पोरवयात मेंढरं भावाच्या गळ्यात घालून भरतीला पळाले आणि तिकडे एका वर्कशॉपात दुर्बिणी दुरुस्त करायला शिकले.

ते नोकरी मागायला आले तेव्हा मी केबिनमध्येच होतो. आमचे वर्क्स मॅनेजर देवधर साहेब यांनी कागद पाहिले न पाहिले आणि म्हणाले, "मिलिटरीवाले का? उत्तम. गेटवर माणूस हवाच आहे."

"गेटवर न्हाई सायेब. आमी बंदूक धरनाऱ्यातलं न्हवं. तोफंची नजर नीट करनाऱ्यातलं हाय."

"म्हणजे नक्की काय करायचात?"

"काचंचं काम. दुर्बीन, तोफंची दुर्बीन. पुसायची, बसवायची, जुळवायची."

"अहो, मग इथे काचेचं काय काम? इथे सगळं बीड, ओतीव लोखंड."

तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "सर, नव्या मशीनमध्ये काच आहे." त्या एका वाक्यावर त्यांना शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष मशिनींवर घेतलं, तात्पुरतं म्हणून. त्यांच्या बाजूने मी एकदा तरी बोललो होतो हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे बोलायची खरी वेळ आली तेव्हा माझी वाचा बसली.

मशीन आमच्यासाठी नवी होती, एरवी चांगली जुनी. परदेशात वापरून झालेली मिलिंग मशीन मालकांनी मुंबईच्या एका दलालामार्फत आणली होती. माणसाने हँडल फिरवायचं नाही. भोकं पाडलेली कागदी फीत मशीन वाचणार आणि बॉडी ज्यावर बांधलेली असते ते टेबल आपोआप हवं तिथे सरकवणार. साताऱ्यात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. रविवारी लोक बायकापोरांना घेऊन बघायला यायचे. आता टेबल नक्की किती सरकलं हे मशीनला कळायचं कसं? तर टेबल ओढणाऱ्या मोटरीच्या शेपटाला वाटीएवढी एक डबी होती. तिच्यात काचेची तबकडी, तबकडीवर केसाहून बारीक रेघा. एका बाजूला इवलासा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा तुकडा. तबकडी फिरली की रेघांमुळे उजेड लुकलुकणार आणि मशीन ते लुकलुकणं मोजणार. पुस्तकात तिला एन्कोडर म्हणत. हवालदारांनी पहिल्याच दिवशी डबी उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो तर डोळा." त्या दिवसापासून मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला डोळाच म्हणू लागले.

आणि तो डोळा सारखा दुखायचा. बॉडीला भोकं चांगली पडता पडता मध्येच सगळी रांग दोन केस बाजूला सरकायची. मुंबईहून एक साहेब आले, चहा-बिस्किटं घेतली आणि लिहून गेले की डबीच बदला. डबी परदेशातून आणायची म्हणजे आयातीचा परवाना, परवाना म्हणजे दिल्ली. दिल्लीहून कागद येईपर्यंत मशीनवर गवत उगवलं असतं.

हवालदारांनी आठ दिवस मशीनला हात लावला नाही. ऑपरेटर महादूशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे. देवधर साहेब वैतागले. "हवालदार, पगार बसायचा नाही."

"बगतोय सायेब. मानसाला ताप कवा चडतो ते वैद आदी इचारतो का न्हाई? त्यातलं हाय ह्ये."

आठव्या दिवशी त्यांनी वही मला दाखवली. बिघाड सकाळी एकदाही नव्हता. रोज दुपारी चारच्या सुमारास यायचा, अर्धा-पाऊण तास राहायचा आणि जायचा. एका दिवशी आलाच नव्हता. पुढे लिहिलं होतं, 'आभाळ'. मला काही उमगेना. चार वाजत आले तसे त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि मोटरीवर टाकली. मशीन सरळ चालली. घोंगडी काढली, मशीन चुकली. पुन्हा टाकली, पुन्हा सरळ. मग त्यांनी पश्चिमेच्या खिडकीकडे बोट केलं. तिची एक काच फुटली होती. थंडीच्या दिवसांतलं तिरकं ऊन त्या चौकोनातून थेट डबीवर पडत होतं. डबीच्या झाकणाखालचं रबर वाळून चिरलं होतं, त्या फटीतून ऊन आत. आतल्या तुकड्याला दिव्याचा उजेड कुठला आणि सूर्याचा कुठला, ते कळेना. तो मोजता मोजता गांगरायचा.

"त्येची काय चूक?" हवालदार म्हणाले. "आपल्या तोंडावर कुनी बॅटरी मारली तर आपल्याला तरी काय दिसतंय?"

सायकलच्या जुन्या ट्यूबमधून त्यांनी रबराची गोल पट्टी कापली, झाकणाखाली बसवली, चार स्क्रू आवळले. आवळून झाल्यावर प्रत्येक खाच बोटाने चाचपून उभी केली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "आर्मीत शिकलो सायेब. खाच उबी दिसली म्हंजी आपल्या मागनं डबीला कोन शिवलं न्हाई. वाकडी दिसली की समजायचं, दुसऱ्याचा हात लागला." हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी विसरलो.

त्यांच्या कामाची रीत बघण्यासारखी होती. डोळा उघडायच्या आधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, नाकातोंडाला रुमाल बांधायचे आणि जवळ उभ्या असलेल्यांनाही बांधायला लावायचे. "श्वासाची वाफ बसती काचंला." काच पुसायचं फडकं म्हणजे त्यांच्या जुन्या फेट्याचा तुकडा. तो इतक्या वेळा धुतलेला की हातात घेतला तरी हातात काही आहे असं वाटायचं नाही. हवेच्या नळीवर त्यांचा भारी राग. कारखान्यात ज्याला त्याला कॉम्प्रेसरची नळी घेऊन मशीनवर फुस्स करायची हौस असते. डोळ्याच्या आसपास नळी दिसली की एरवी गरीब असलेला हा माणूस एकदम परेडच्या आवाजात ओरडायचा. नव्या पोरांना ते एकच मंत्र द्यायचे: "शिवायच्या आदी बगा. बगायच्या आदी इचारा." चहा प्यायचे स्वतःच्या मिलिटरीच्या टवके उडालेल्या मगात. त्यातला अर्धा न चुकता महादूला द्यायचे आणि उरलेल्या अर्ध्याला नावं ठेवायचे, "ह्यो च्या हाय का मेंढराचं पानी?"

त्यांच्या खिशात कायम भंडाऱ्याची पिवळी पुडी असायची. बिरोबाचे भक्त. एकदा डोळ्यातला दिवा गेला. तसला दिवा साताऱ्यात मिळेना, पुण्यात मिळेना. हवालदार म्हणाले, "चला सायेब, मिरजंला जाऊ." मला वाटलं, हे कुणा देवऋषीकडे नेणार. एसटीने सांगली, सांगलीहून मिरज, आणि तिथे डॉक्टरी सामानाच्या एका दुकानात त्यांनी कान तपासायच्या बॅटरीतला दिवा मागितला. मुगाच्या दाण्याएवढा. तो आमच्या डबीत थोडी कानस मारून चपखल बसला. येताना सांगलीत उतरून त्यांनी हळदीच्या पेठेत दहा दुकानं पालथी घातली. हळद बोटावर चोळायची, उजेडात धरायची, वास घ्यायचा, नाही म्हणायचं. मी उभ्या उभ्या कंटाळलो. "हवालदार, हळद ती हळद. एवढं काय?"

"आवं, देवाला लावायची हाय. त्यात भेसळ करून कसं चालंल?"

त्या दिवशी परतीच्या गाडीत त्यांनी मला मनातलं सांगितलं. पगाराचं नव्हतं ते. त्यांना कायम व्हायचं होतं आणि कार्डावर 'मेकॅनिक' असं लिहून हवं होतं. "गावात समदी म्हनत्यात, मिलिटरीतनं आला म्हंजी कुटंतरी गेटवर आसल उबा. माजी थोरली पोरंबी तसंच समजत्यात. एकदा कार्ड न्हेऊन दावतो त्यास्नी." देवधर साहेबांनी दिवाळीनंतर करतो म्हणून शब्द दिला होता. मीही शिफारस लिहिली होती. सगळं जुळत आलं होतं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं.

कारखान्यात खंडेनवमी म्हणजे घरच्या लग्नासारखी. आदल्या दिवशी काम बंद, सगळ्या मशिनी घासूनपुसून लखलखीत करायच्या, दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. मालक सहकुटुंब येणार. त्याच आठवड्यात देवधर साहेब सगळ्यांसमोर मला हसत म्हणाले होते, "काय हो, तुम्ही इंजिनिअर, पण हवालदारांशिवाय तुमचं पान हलत नाही." सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागलं. हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचे, चौथी पास, आणि डोळा उघडायचा तर मी त्यांची वाट बघत बसायचं. आदल्या दिवशी दुपारी ते फुलं-नारळ आणायला शहरात गेले होते. मशीनपाशी मी एकटाच. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि डोळा उघडला. बिघाड काही नव्हता. मला फक्त मला उघडता येतं हे बघायचं होतं.

आत सगळं स्वच्छ होतं. मी बघितलं, समाधान झालं, झाकण लावलं. लावताना ट्यूबची पट्टी एका बाजूने घसरली. बोटाने दाबली, बसल्यासारखी वाटली. चार स्क्रू आवळले. खाचांचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. मोटरीवर झेंडूची जाड माळ मीच घातली, त्यामुळे डबी झाकली गेली. नाहीतर हवालदारांनी तिथेच खाचा पाहिल्या असत्या. गुरुजींनी ताटातलं हळदकुंकू वाहिलं. मग हवालदारांनी पुडी काढली, टेबलाच्या कडेला डोळ्यापासून चांगलं हातभर लांब चिमूटभर भंडारा ठेवला आणि हात जोडून "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने ते दसऱ्याला गावी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर लवकर आलो. एका साखर कारखान्याच्या पंपांचं काम होतं आणि गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ते द्यायचं होतं. मशीनवर सुकलेली फुलं, कुंकू, हळद तशीच. हवालदार दुसऱ्या दिवशी येणार होते. मी कॉम्प्रेसरची नळी घेतली आणि सगळं उडवलं. पिवळा ढग उठला, मला दोन शिंका आल्या. मशीन चालू केली. दिवसभरात आठ बॉडी निघाल्या. संध्याकाळी जोडणीला एकाही बॉडीचं झाकण बसेना. आठही बॉडींची भोकं सरकलेली होती. आठही भंगारात.

दुसऱ्या दिवशी हवालदार गावाहून थेट कारखान्यात आले. हातात पिशवी, कपाळावर भंडारा. देवधर साहेब मशीनपाशीच उभे होते, महादू होता, मी होतो. हवालदारांनी पिशवी खाली ठेवली, हात धुतले, रुमाल बांधला आणि मोटरीपाशी वाकले. स्क्रू-ड्रायव्हर पहिल्या स्क्रूला लागायच्या आधी त्यांचा हात थांबला.

मला तेव्हा आठवलं. एक खाच डावीकडे कललेली, एक आडवी, एक भलतीकडेच. ते चारही खाचांकडे बघत होते. मान वर केली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही, पण मी नजर फितीवर नेली आणि तिथेच ठेवली.

त्यांनी झाकण काढलं. काचेवर पिवळी साय धरली होती.

"हळद!" देवधर साहेब ओरडले. "हा तुझा भंडारा! तू इथे भंडारा टाकलास की नाही?" एरवी ते हवालदारांना अहो-जाहो करत.

"टाकला, सायेब. पर..."

"पर काय?"

हवालदार हातातल्या झाकणाचं रबर अंगठ्याने चाचपत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्या वेळात मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, सर, डबी मी उघडली होती आणि नळी मी मारली. दोन वाक्यं. माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते. मी दोन्ही वाक्यं गिळली.

"काय न्हाई, सायेब," हवालदार म्हणाले आणि फेट्याच्या तुकड्याने काच पुसू लागले.

गुरुजींच्या ताटातही हळदच होती, हे कुणाच्या मनात आलं नाही. भंडारा म्हटल्यावर सगळ्यांना धनगर आठवला. 'शिकलेल्या मशीनवर अडाण्याचा देव,' असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य आठवडाभर कँटीनमध्ये फिरलं. कायम करायचा कागद फाडला गेला. नोकरीवरून काढलं नाही, देवधर साहेब तसे दयाळू होते. म्हणाले, "मिलिटरीवाले आहात, गेट सांभाळा." आणि मला म्हणाले, मशीनवर एक पाटी लावा. मी माझ्या चांगल्या अक्षरात पाटी रंगवली: 'या मशीनवर हळदकुंकू, भंडारा टाकू नये. हुकमावरून.' मशीन भंगारात जाईपर्यंत ती पाटी तिथेच होती.

दुसऱ्या दिवसापासून हवालदार खाकी घालून गेटवर उभे राहिले. मी सायकलवरून आत शिरताना त्यांनी टाच जुळवून सलाम ठोकला. त्यात कुठे टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी रागावलो तरी असतो. नीट, कडक, रोज तसाच सलाम. सकाळी एक, संध्याकाळी एक. कारखान्याला गेट एकच. मी लवकर येऊन पाहिलं, उशिरा येऊन पाहिलं, हवालदार असायचेच. मी मान हलवायचो आणि पायडल जोरात मारायचो. मला त्या माणसाचा राग यायला लागला होता, हे सांगायला आज लाज वाटते. त्यांनी चुगली केली नाही याचाच राग.

एकदा गेटची पाटी वाऱ्याने पडली. त्यांनी ती पुन्हा बसवली. संध्याकाळी बाहेर पडताना मला दिसलं, पाटीच्या चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या.

चार-पाच महिन्यांनी डोळा पुन्हा बिघडला. मी तीन दिवस झटलो, जमेना. देवधर साहेबांचा हुकूम होता की हवालदारांनी शॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी डबीच सोडवली, डब्याच्या पिशवीत घातली आणि गेटच्या केबिनमध्ये गेलो. कसं विचारावं ते कळेना. त्यांनीच विचारलं, "काय सायेब, डोळं आलं व्हय?"

स्टुलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी डबी उघडली. फेट्याचा तुकडा अजून त्यांच्या खिशात होता. काच स्वच्छ निघाली. त्यांनी एकेक वायर नखाने हलवून पाहिली आणि एक वायर आतल्या आत तुटलेली सापडली. वरून अख्खी, हलली की सुटायची. "बगा, वरनं कसं समदं ठीक दिसतंय," ते म्हणाले. ते वायरबद्दल बोलत होते. मी उगाच घामाघूम झालो. त्यांनी मला डाग द्यायला, म्हणजे वायर कथलाने सांधायला शिकवलं, काच कशी धरायची ते शिकवलं, श्वास कधी रोखायचा आणि कधी सोडायचा ते शिकवलं. शेवटी झाकण लावून तीन स्क्रू त्यांनी आवळले आणि चौथा माझ्या हातात दिला. मी आवळला. खाच उभी केली. त्यांनी मान डोलावली.

मशीन चालू झाली. देवधर साहेबांनी पाठीवर थाप मारली. "बघा! झालं की नाही हवालदारांशिवाय?" मी म्हणालो, "हो सर." त्या महिन्यात मला पगारवाढ मिळाली.

पुढच्या खंडेनवमीला हवालदार शॉपमध्ये आले नाहीत. पुडीतला चिमूटभर भंडारा त्यांनी गेटच्या बिजागरीला लावला आणि बाहेरूनच हात जोडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नोकरी सोडून ते गावी गेले. निरोप समारंभ वगैरे वॉचमनचा कोण करतो? खाकी कपडे धुऊन, घडी घालून स्टोअरला जमा केले आणि पिशवी घेऊन निघाले. मी त्या दिवशी मुद्दाम शॉपमध्येच थांबलो.

नंतर दोन वर्षांनी कामाने सांगलीला गेलो होतो. काम लवकर उरकलं. स्टँडवर येऊन बघतो तो जतच्या गाडीच्या रांगेत हवालदार. फेटा, खांद्यावर तीच घोंगडी, पायाशी हळदीचं पोतं. यात्रेसाठी भंडारा न्यायला आले होते. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. "आवं सायेब! हिकडं कुटं?" चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. डोळा कसा हाय, महादू कसा हाय, खिडकीची काच बसवली का, सगळं विचारलं. मग माझ्याने राहवेना. स्टँडच्या त्या गोंगाटात मी सगळं एका दमात बोलून टाकलं. डबी मी उघडली होती, रबर माझ्या हातून सरकलं, नळी मी मारली.

ते चहाचा कप बाकावर ठेवत म्हणाले, "ठावं हाय."

"खाचांवरून?"

"व्हय. आन् समद्या कारखान्यात माजं बगून स्क्रू-ड्रायव्हर धरनारा दुसरा हुता कोन?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सायबाची चूक सायबानं सांगायची आस्ती. हवालदारानं न्हाई. आमाला तशी शिस्त." त्यांनी पायाशी कललेलं पोतं सरळ केलं. "मला वाटलं, आज न्हाई तर उद्या सांगतील. रोज सकाळी वाट बगायचो."

मी म्हटलं, "हवालदार, मला माफ करा."

"मला सांगून काय उपेग, सायेब? मला तर ठावंच हाय. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा." आवाज चढला नव्हता. "माज्यावर आळ आला त्याचं काय न्हाई वो. आळ आला तो बिरोबावर. माजा थोरला आता हिरीवरच्या मोटरीला भंडारा लावू देत न्हाई. म्हनतो, तुमच्या भंडाऱ्यानं मशीन मोडली, नोकरी गेली. त्येला काय सांगू? ती पाटी हाय का आजून?"

"आहे."

"तेवडी काडा."

"काढतो," मी म्हणालो. "आणि देवधर साहेबांना सांगतो. उद्याच."

"बास मग." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. गाडी लागली होती. पोतं टपावर चढवून ते परत आले, खिशातली पुडी काढली आणि माझ्या कपाळावर भंडारा लावला. चांगला बोटभर रुंद, लहान मुलाला लावतात तसा. "नीट जावा," म्हणाले. खिडकीत जागा मिळाली त्यांना. गाडी हलली तेव्हा सवयीने त्यांचा हात कपाळाकडे निघाला, सलामासाठी. मग अर्ध्यात थांबला आणि त्यांनी तो नुसताच हलवला, घरच्या माणसाला हलवतात तसा. तेवढं शेवटचं.

मी सातारच्या गाडीत बसलो. इस्लामपूरपर्यंत मी मनात देवधर साहेबांशी बोलत होतो, पहिलं वाक्य काय, दुसरं काय. शेजारच्याने कपाळाकडे बघून विचारलं, "जत्रंला गेलता काय?" मी हो म्हणालो. मग डोक्यात आलं की कराडला ओळखीचं कुणीतरी चढेल, कारखान्यातलंही असेल. ते विचारतील हे कपाळाला काय, कुणी लावलं, आणि मग सांगावं लागेल. पेठ नाका गेल्यावर मी रुमाल काढला आणि कपाळ पुसून टाकलं.